बाकीचे दोन

सोयाबीनचं थ्रेशर गावात शिरलं की आमच्याकडे सूर्य दुपारीच मावळतो. खोटं नाही सांगत. धूळ एवढी उडते की कावळे उलटे उडतात, निदान मागचं तरी दिसावं म्हणून. धनजच्या फाट्यावरचा पानठेलेवाला चुना लावायच्या आधी पानावर फुंकर मारतो, आणि ती धूळ डोळ्यात गेल्यामुळे गिऱ्हाईक पैसे न देताच निघून जातं.

आज सकाळी ते थ्रेशर पुन्हा सुरू झालं. मी शेडच्या मागे वीस माणसांच्या वरणाला फोडणी देत होतो. आवाज ऐकून पळी थांबली, बाकी काही झालं नाही. आठवण आली की माणसाच्या आत काहीतरी हलतं म्हणतात. माझ्या आत हललं नाही. ओळखीची म्हैस दारात येऊन उभी राहावी तशी ती आठवण उभी राहिली, आणि मी तिच्याकडे पाहत राहिलो. वरण थोडं लागलं. कोणी तक्रार केली नाही.

शेड म्हणजे पूर्वीचं कोंबड्यांचं. गावाबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, लांबलचक, वर सिमेंटचे पत्रे. कोंबड्या गेल्या आणि आम्ही आलो: जेलातून सुटलेले, दारूतून उठवलेले, घरच्यांनी दाराला आतून कडी लावलेले पुरुष. नवा माणूस आला की मी त्याला सांगतो, पहिल्या वर्षी आमच्यातले दोघं पहाटे आरवायचे, मग ताईंनी गोळ्या बदलल्या. ताई म्हणजे वनमालाताई. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून आम्हाला पाळलं. त्यांच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बी.पी.चं मशीन, आणि या दोघांसमोर खोटं बोलायचं नाही हा नियम. मी सोडून सगळे तो पाळायचे.

माझा धंदाच तसा होता. रिक्षावर भोंगा बांधून मी तीस वर्षं जाहिरात पुकारत फिरलो. शिरपूरच्या बाजारात एकदा साड्यांचा सेल असा पुकारला की साड्या संपल्यावर बायकांनी दुकानाचे पडदे नेले. मग दारूने आधी माझा आवाज नेला, मागून रिक्षा नेली, आणि शेवटी बायकोला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडलं. ताईंनी दारू सोडवली. दारूबरोबर बाकीचंही सुटलं. भूक लागायची, पण चव कळायची नाही. कोणी मेल्याचा निरोप आला तरी मी आधी चप्पल कुठे ठेवली ते शोधायचो.

"पहिले दोन-तीन वर्षं माणूस उकडलेल्या बटाट्यावानी राह्यते," ताई म्हणाल्या होत्या. "मीठ मंग लागते. उगी लवकर मागू नको."

मी मागितलं नाही. बटाट्याला कसली घाई.

ज्या हंगामाबद्दल सांगतोय तो तीन वर्षांमागचा. एरवी गाव आमच्याकडे रस्त्याच्या पलीकडून पाहायचं. आमच्यातला कोणी किराणा दुकानात शिरला की दुकानदाराला एकदम वजनं मोजावीशी वाटायची. पण सोयाबीन एकदा वाळलं की शेंगा तडकायला चार दिवस पुरतात, आणि वर परतीचा पाऊस टपून बसलेला असतो. मजूर मिळत नाही. मग तेच गाव सकाळी सहाला शेडच्या दारात. "किती जन हाये बे? चला ना बापा, चला!" त्या वीस दिवसांत कोणाचा मागचा जन्म कोणी विचारत नाही. पिकाच्या ओळीत, तासात, बसता येतं का आणि इळा धरता येतो का, एवढंच पाहतात. बायांच्या टोळ्या बाहेरगावाहून टेम्पोत भरून येतात, आणि दुपारी त्याच बाया आमच्या भाकरीवर ठेचा ठेवतात. जेलात किती वर्षं होतास, हे न विचारता ठेवलेला ठेचा. तिखट होता म्हणतात सगळे. असेल.

सोयाबीनच्या वाळल्या शेंगा सुयांसारख्या टोचतात. पहिल्या दिवशी हात रक्ताळतात, दुसऱ्या दिवशी सुजतात, आणि तिसऱ्या दिवशी बोटं आपली राहत नाहीत. इळा कोणीतरी दुसराच धरून राहिलाय असं वाटतं. बाकीचे तेल चोळायचे. मी नाही चोळलं. निदान बाहेर आणि आत एकसारखं झालं होतं, तेवढंच बरं.

माझ्या शेजारच्या तासात सुदाम असायचा. पन्नाशीचा, काडीसारखा वाळलेला, मान खाली. नऊ वर्षं जेलात काढून आलेला. चुलतभावाशी धुऱ्यावरून भांडण झालं, बांध एक हात इकडे की तिकडे एवढ्यावरून. काठी उचलली, डोक्यात बसली, चुलतभाऊ चौथ्या दिवशी दवाखान्यातच मेला. सुदाम तोपर्यंत दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता, पोलिसांनी तिथूनच नेला. हे सगळं त्याने मला एकदाच सांगितलं, पळसाच्या सावलीत, भाकरी चावता चावता. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हटलं, काय वाया घालवलं या माणसाने! माझ्याकडे असतं तर दोन तास पुरवलं असतं.

"पोरगी हाये मले," तो म्हणाला.

"कुठं?"

"इंझोरीले देली. तिची माय मी आत असतानीच गेली. मामानं लगन लावून देलं."

"मंग ये ना भेटून."

"भेटून काय करू? दिवाळीले आणाची हाये. लेक दिवाळीले बापाच्या घरी येते. मी तिले कुठं आणू, कोंबड्याच्या शेडात?"

शेडमध्ये बाईमाणसाने मुक्काम करायचा नाही, हा ताईंचा नियम. म्हणजे सुदामला दिवाळीच्या आत घर हवं होतं. कसलंही, पण चार भिंतींचं, जिथे रेखा येऊन चार दिवस राहील आणि परत जाताना माहेराहून आले म्हणेल. आणि दिवस होते ते एवढेच. शेवटचं सोयाबीन घरात पडलं की गावाला पुन्हा प्रश्न आठवणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

खोली मागायची ताईंची एक पद्धत होती, अजून आहे. माणसाला सोबत घेऊन मालकाच्या घरी जायचं. चहा येऊ द्यायचा. चहा हातात आला की दोन वाक्यांत सांगायचं, याने काय केलं आणि आता काय करतो. मग गप्प. चहा संपल्यावरही मालक बसून राहिला तर पुढचं बोलायचं, उठला तर आपणही उठायचं. सुदामला आणि सोबतीला मला घेऊन त्या तीन ठिकाणी गेल्या. तिसऱ्याने उकळता चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला. एवढा गरम चहा एवढ्या लवकर पिणारा माणूस मी जिल्ह्यात पाहिला नाही. महिनाभर बोबडं बोलला असेल, पण खोली वाचवली त्याने.

मग ताईंचा गुडघा बसला. त्यांनी मला बोलावलं. बाबाराव म्हणून एक शेतकरी होते, पांदणीने, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेने, आत गेलं की त्यांचं शेत. विहिरीपाशी विटांची एक खोली रिकामी. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेलेली, तुरीत रोही म्हणजे नीलगाई आणि डुकरं घुसायची, म्हणून रखवालीला माणूस पाहिजे होता.

"सुदामले घेऊन जा," ताई म्हणाल्या. "दोन वाक्यं बोल. तिसरं बोलला तं मले इथं बसल्या बसल्या कळन."

मी गेलो. सुदाम विहिरीजवळ त्या खोलीच्या दारातून आत डोकावत उभा राहिला, देवळाच्या गाभाऱ्यात डोकावतात तसा. बाबारावांनी त्याला लांबून न्याहाळलं आणि हसले.

"काबे भोंग्या, हा रखवाली करीन? याले पाहून तं कुत्रं बी भिणार नाई. उलटा चोरच याले पाणी पाजून जाईन."

तीन घरांचे तीन चहा मला आठवले. तोंड आपोआप उघडलं. तीस वर्षांची सवय.

"दादा, याच्या अंगाकडे नका पाहू. तीन मानसं हाये याच्या नावावर."

"तीन?"

"एकाच सकाळी! एक धुऱ्यावर, दुसरा कपाशीच्या पऱ्हाटीत. तिसरा पळत पळत नाल्यालोक गेल्ता, तिथं गाठला. पोलीस आले तं हा धुऱ्यावर बसून निवांत भाकर खाऊन राह्यला होता. चोराच्या कानावर नुसतं नाव घाला, केबल परत आणून लावून देतीन."

खूप दिवसांनी आवाज भोंग्यातून निघाल्यासारखा निघाला. माठापाशी पाणी पिणाऱ्या टोळीतल्या बाया वळून पाहू लागल्या. टोळी कुठल्या गावची, हे मी विचारलं नव्हतं. बाबारावांनी किल्ली दिली.

ताईंना मी सांगितलं, दोनच वाक्यं बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

सुदामने दोन दिवसांत खोलीचं घर केलं. भिंतींना चुना, खाली शेणाचं सारवण, दाराला आंब्याची पानं. कुठून तरी एक आरसा आणला आणि खिळा ठोकून टांगला, पार माझ्या छातीच्याही खाली.

"एवढा खाली?" मी विचारलं.

"तिच्या अंदाजानं लावला," तो म्हणाला.

त्याने पोरीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता तिच्या कडेवर लेकरू होतं. मी दोन पावलं मागे सरकून आरशात पाहिलं तर माझं पोट दिसलं.

लेकीला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. सुदाम म्हणाला, तू जा. "मी दारात उभा राह्यलो तं तिले नाई म्हणता येणार नाई. बापाले कोणती लेक नाई म्हणन? तुले म्हणता येईन." एवढा विचार केलेला होता त्याने. मी धुतलेला सदरा घातला, चिवड्याची पिशवी घेतली आणि इंझोरीला गेलो.

रेखाचे सासरे ओसरीवर बसले होते. पाणी आलं. मी म्हटलं, सुदामभाऊंनी पाठवलं, रेखाला दिवाळीला न्यायला आलो. त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

"किती मारले हो त्यानं?"

"काय?"

"आमाले एक माहीत होता. लगनाच्या बैठकीतच तिच्या मामानं सांगतलं. धुऱ्याचं भांडण झालं, काठी बसली. आमी म्हणलं, होते मानसाच्या हातून, पोरीची त्याच्यात काय चूक. पोरगी केली. आता आमच्या गावच्या बाया तुमच्याकून सोयाबीन सोंगून आल्या, तं त्या म्हणते तीन. हे बाकीचे दोन कधी झाले?"

आतल्या दाराशी बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या.

"ते दोन खोटे हाये," मी म्हणालो. "मी वाढवून सांगतलं."

"काहून?"

"त्याले खोली भेटावी म्हून."

"म्हंजे तुमी खोटं बोलता."

"हो."

"मंग आता काय बोलून राह्यले?"

भोंग्यावरच्या तीस वर्षांत कधी माल परत आणला नव्हता. पिशवी उचलली आणि फाट्यावर येऊन बसलो.

पांदणीच्या टोकाला सुदाम उभा होता. मी एकटाच दिसलो तरी तो माझ्या मागे पाहत राहिला, जणू ती दहा पावलं मागून येत असावी. खोलीत भात झाकून ठेवलेला होता, वांग्याची भाजी, तळलेल्या पापडांची चळत. मी सगळं सांगितलं. बाबारावांना काय बोललो तेही. पाचच मिनिटं लागली. तुरीला पिवळी फुलं लागली होती, तो तिकडे पाहत राहिला.

"तीन म्हणला तू?"

"हो."

"मले एकच उचलत नाई बापा. नऊ वर्षं झाले, रोज उचलून पाह्यतो." तो उठला आणि ताटं मांडायला लागला. "बाकीचे दोन तू उचल."

आम्ही जेवलो. मी वाट पाहिली. वाटलं, आता काहीतरी होईल, डोळे भरतील, निदान घास तरी अडकेल. घास सरळ गेला. पापड कुरकुरीत होता, हे कानाला कळलं.

पुढचे कितीतरी दिवस मी रचलेले ते दोघं माझ्यासोबत राहिले. रोज पीठ मळताना, विहिरीवर बादली ओढताना. सवयीप्रमाणे मी त्यांना रंगवू लागलो. पऱ्हाटीतल्याला मिशा दिल्या. नाल्यापर्यंत पळालेल्याचा एक पाय जरा आखूड केला, तरी तो एवढा पळाला याचं मलाच कौतुक वाटलं. मग त्याची बायको आली. तिच्या मागोमाग तिच्या पदराला धरून कोणीतरी येऊ लागलं, तेव्हा मी पीठ तसंच टाकून उठलो. तेव्हापासून त्यांच्यात भर घालत नाही. एकाला मिशा, एकाचा पाय आखूड, एवढेच आहेत ते.

बाबारावांनाही जाऊन खरं सांगितलं. वाटलं होतं, खोली जाईल. ते बैलाला पेंड घालत होते.

"मले काय माहीत नव्हतं का बे? तू भोंगेवाला. तू तीन म्हणला तेव्हाच मी दोन वजा केले. एक बी राह्यते का नाई म्हून पोलीस पाटलाले इचारून घेतलं. मानूस चांगला हाये, राहू दे त्याले. चोराले मात्र नको सांगू."

हे मला आधी कळायला हवं होतं. आमच्या भागात माझं बोलणं लोक सोलून, बी काढून खातात. पिढ्यांची सवय आहे त्यांना. इंझोरीच्या बायांना ती नव्हती. त्यांनी जसं ऐकलं तसं घरी नेलं, बिचाऱ्यांनी एक शब्द वाढवला नाही.

तेव्हापासून दर सोंगणीत एकदा इंझोरीला जातो. दुसऱ्या वर्षी दाराला कुलूप होतं, सगळे शेतात. तिसऱ्या वर्षी ताई काठी टेकत सोबत आल्या. चहा आला, ताईंनी त्यांची दोन वाक्यं सांगितली. चहा संपला, तरी सासरे बसून राहिले. पण हो म्हणाले नाहीत. सुदामने दोन्ही दिवाळ्यांना चुना मात्र लावला. आम्ही शेजारी बसून तास न् तास तुरीच्या शेंगा सोलतो.

परवा पुन्हा गेलो. घरचे सगळे मळणीला गेलेले. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, आणि एक बाई दाण्यांमधून पाय ओढत ते चाळवत होती. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांच्या रेघा. माझ्याकडे न पाहता तिने विचारलं,

"तुमीच का ते भोंगेवाले?"

"हो."

"दरसाली येता म्हणे." एक रेघ पुरी करून ती वळली. "एकच?"

"एकच. चुलतभाऊ. काठी लागली, चौथ्या दिवशी गेला."

ती पुन्हा त्या टोकाला गेली आणि परत आली.

"केस पांढरे झाले का त्यायचे?"

"झाले."

किती पांढरे, हे सांगायला माझ्याकडे चार-पाच गोष्टी तयार होत्या. गिळल्या.

"गाडी बदलावं लागते का?"

"कारंज्याले."

"फाट्यापासून?"

"पांदण हाये. पायी पाऊण तास."

"लेकरू घेऊन जमते?"

जमतं, असं म्हणायला काय जात होतं. फुलांचा रस्ता आहे म्हटलं असतं. पण यंदा परतीचा पाऊस आठ दिवस कोसळला, आणि पांदणीतली काळी माती बूट ओढून घेते.

"चिखल हाये," मी म्हणालो. "गुडघ्याएवढा नाई, पण हाये."

"हं," ती म्हणाली. आत जाऊन पाणी आणलं. मी प्यालो. गिलास घेऊन ती आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही, आतून लेकराला दटावल्याचा आवाज येत राहिला. येते म्हणाली नाही. नाही येत असंही नाही.

सुदाम विहिरीपाशी केबल गुंडाळत होता. मी सांगितलं.

"रडली का?"

"नाई."

"हासली?"

"नाई."

"मंग काय केलं तिनं?"

"पानी देलं. गाडी इचारली. रस्ता इचारला."

"तू काय सांगतलं?"

"चिखल हाये म्हणलं."

त्याने केबलचा वेढा खाली ठेवला. मला वाटलं, आता चिडेल. या एका ठिकाणी तरी वाढवून सांगायचं होतं, म्हणेल. तो पांदणीच्या तोंडाकडे वळला.

"हो," म्हणाला. "हाये तं खरा."

मग खोलीमागून फावडं काढलं आणि पांदणीकडे निघाला. पहिल्याच खोलगट जागी चिखल बाजूला ओढून मुरूम टाकायला लागला. मुरमाचा ढीग बाबारावांच्या बांधावर, दोनशे पावलं मागे. दिवाळीला अजून अकरा दिवस आहेत, आणि फाट्यापर्यंत अशा खोलगट जागा सतरा. मी धोतर खोचलं आणि टोपलं भरून डोक्यावर घेतलं. जड होतं. किती, ते वाढवून सांगत नाही.